केमो, ताप आणि अँटिबायोटिक: कोल्हापूर परिसरातल्या रुग्णांचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात कॅन्सरवरची केमो घ्यायला येणारे सगळेच शहरातले नसतात. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी, तिकडून निपाणी, घाटाखालची सिंधुदुर्गातली गावं असे लांबलांबून लोक येतात. दिवसभर सलाईन चालतं, संध्याकाळी एसटी किंवा भाड्याची गाडी धरून माणूस घरी जातो. ताप येतो तो आठ-दहा दिवसांनी, तिकडे, रात्री-अपरात्री. मी कॅन्सर वॉर्डात संसर्ग नियंत्रणाचं काम करते. वॉर्डात आणि फोनवर नातेवाईक जे विचारतात त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. केमोनंतर ताप आला तर अँटिबायोटिकला तासाचाही उशीर परवडत नाही, आणि एरवी तेच औषध उगाच पोटात गेलं तर गरजेच्या रात्री ते लागू पडत नाही. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

नुसता ताप तर आहे, खोकला नाही, जखम नाही. मग एवढी धावपळ कशासाठी?

केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात, पण हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशी आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं आतलं नाजूक अस्तरही तसंच असतं. त्यामुळे आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि त्याच दिवसांत जंतूंना अडवणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. एरवी आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएला असे जंतू तिथून रक्तात उतरतात.

ज्याला आपण पू म्हणतो, तो मुख्यतः याच न्यूट्रोफिल पेशींचा बनतो. पेशीच नसतील तर पू होत नाही, सूज फारशी येत नाही, छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डागही सुरुवातीला दिसत नाही. शरीराकडे ओरडून सांगायला फक्त ताप उरतो. म्हणून ‘नुसता ताप’ हीच आमच्यासाठी मोठी खूण आहे. न्यूट्रोफिलचा आकडा ५०० च्या खाली गेला, किंवा येत्या दोन दिवसांत जाईल अशी लक्षणं असली, आणि त्यात ताप आला, तर ती तातडीची अवस्था समजतात. १०० च्या खाली गेला तर धोका आणखी वाढतो. सकाळी चहा पिऊन बोलत बसलेल्या माणसाचा रक्तदाब दुपारपर्यंत कोसळलेला मी पाहिला आहे.

हा धोका कोणत्या दिवसांत जास्त असतो?

बहुतेक केमोंमध्ये औषध दिल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. ब्लड कॅन्सरच्या काही उपचारांत न्यूट्रोफिलचा आकडा, म्हणजे काउंट, कित्येक आठवडे वर येत नाही. केमोच्या प्रत्येक फेरीनंतर (सायकलनंतर) घरच्या कॅलेंडरवर हे दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा. त्या दिवसांत घरात कोणाला तरी गाडी चालवता येते ना, फोन चार्ज आहे ना, हाताशी थोडे पैसे आहेत ना, एवढं बघून ठेवा.

ताप नेमका किती आला की निघायचं?

एकदाच १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) दिसला, किंवा १००.४ (३८ सेल्सिअस) तासभर टिकला, तर तो ताप धरायचा. मी घरच्यांना सांगते की १००.४ दिसलं की लगेच फोन करा आणि निघायची तयारी सुरू करा, वाट बघत बसू नका.

डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. कपाळाला हात लावून ताप कळत नाही. गरम चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर वीसेक मिनिटं थांबून मग तोंडात लावा. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण काखेतला आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही आणि एनिमाही द्यायचा नाही, तिथल्या बारीकशा ओरखड्यातूनही जंतू आत शिरतात.

मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. गोळीने ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात, आणि आपण सकाळपर्यंत निर्धास्त झोपतो. ज्यांना स्टिरॉइड चालू आहे त्यांना तर ताप येतच नाही असंही होतं. हुडहुडी भरणं, एकाएकी गळून जाणं, बरळणं, धाप लागणं, लघवी फार कमी होणं, यातलं काहीही झालं तर थर्मामीटरवर ९८ दिसत असलं तरी निघा.

गावातल्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन आणि सलाईन घेऊन सकाळी आलो तर चालेल का?

सकाळपर्यंत थांबू नका. गावातले डॉक्टर अडीनडीला तेच धावून येतात, त्यांना जरूर बोलवा. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन बघायला त्यांची फार मदत होते. पण त्यांना आधी सांगा की केमो चालू आहे आणि आज कितवा दिवस आहे, फाइल दाखवा, आणि तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावून द्या. चंदगडच्या टोकाच्या गावातून यायला कित्येक तास लागतात. अशा वेळी दोन्ही डॉक्टर बोलून अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून तिथेच द्यायचं ठरवू शकतात. तो दिला तर औषधाचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहून आणा.

दोन गोष्टी मात्र टाळा. कमरेत इंजेक्शन नको, कारण केमोनंतर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही कमी असतात आणि आत रक्त साखळतं. आणि ताप ‘दाबायला’ स्टिरॉइडचं इंजेक्शन नको. त्याने दोन-चार तास बरं वाटतं आणि नेमके तेच तास हातातून जातात.

हॉस्पिटलच्या दारात आल्यावर रांगेत उभं राहू नका. ‘केमोचा पेशंट आहे, ताप आहे’ एवढं मोठ्याने सांगा. दारात आल्यापासून तासाभरात पहिलं इंजेक्शन शिरेतून जायला हवं, जगभर हाच दंडक आहे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आधीच रक्त कमी आहे, मग दोन-दोन ठिकाणांहून रक्त कशाला काढता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग मला समजतो. लुकड्या झालेल्या हातात शीर सापडत नाही, आणि आम्ही पुन्हा सुई घेऊन येतो.

ही रक्ताची कल्चर तपासणी, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायचा. जंतू रक्तात विरळ असतात, म्हणून मोठ्या माणसात एकेका बाटलीत आठ-दहा मिली रक्त घालावं लागतं. त्याहून कमी घातलं तर जंतू असूनही सापडत नाही. एक नमुना हाताच्या शिरेतून आणि औषध देण्यासाठी शिरेत ठेवलेली नळी, म्हणजे पोर्ट किंवा पिक लाइन, बसवलेली असेल तर दुसरा तिच्यातून घेतात. लाइनमधल्या नमुन्यात जंतू दोन तास किंवा त्याहून आधी वाढला, तर संसर्गाचं मूळ लाइनमध्येच असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग लाइन काढायची का हे ठरवता येतं.

सिस्टर काय करते ते नीट बघा. बाटलीचं रबरी टोक स्पिरिटने पुसते, कातडीवर औषध लावते आणि मग थांबते. ते वाळेपर्यंतचं अर्धं-एक मिनिट ती नुसती उभी असते. नातेवाइकांना वाटतं वेळ काढते आहे. पण ओल्या कातडीत सुई घातली तर कातडीवरचाच जंतू बाटलीत जातो, रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो आणि रुग्णाला नको ते औषध कित्येक दिवस चालू राहतं. त्या मिनिटात तिला घाई करू नका.

रक्त आधी आणि अँटिबायोटिक नंतर, असा हा क्रम. एकदा औषध शिरेत गेलं की कल्चरमध्ये जंतू सापडायची शक्यता घटते. मात्र शीर सापडत नाही म्हणून औषधच अडवून धरायचं, असंही करायचं नाही.

रिपोर्ट यायच्या आधीच एवढं भारी इंजेक्शन का सुरू करता?

कारण रिपोर्टला ४८ ते ७२ तास लागतात आणि ५०० च्या खाली काउंट असलेला माणूस तितका वेळ औषधाविना काढू शकेल याची खात्री नसते. म्हणून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफोपेराझोन-सल्बॅक्टम, सेफेपिम अशांपैकी एक, आणि प्रकृती फारच खालावलेली असेल किंवा आधी चिवट जंतू सापडलेला असेल तर मेरोपेनेम. यातलं कोणतं, हे प्रत्येक हॉस्पिटलने आपल्याकडे गेल्या वर्षभरात कोणते जंतू सापडले आणि ते कशाला दाद देतात याचा तक्ता बघून ठरवायचं असतं. मुंबईच्या हॉस्पिटलचा तक्ता कोल्हापुरात जसाच्या तसा चालत नाही.

रिपोर्टमध्ये जंतू सापडला आणि तो साध्या औषधाने मरणारा निघाला, तर आम्ही खाली उतरतो, म्हणजे भारी औषध थांबवून ते साधं लावतो. इथे नातेवाइकांचा चेहरा पडतो. ‘काल महागडं चालू होतं, आज स्वस्तातलं लावलं, पैसे संपले म्हणून का?’ तसं नाही. नेमका शत्रू कळल्यावर नेमकं औषध देणं हाच चांगला उपचार आहे, आणि जे डॉक्टर वेळेवर खाली उतरतात त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. शंभरातल्या दहा ते पंचवीस रुग्णांच्याच रक्तात जंतू सापडतो. बाकीच्यांत रिपोर्ट कोरा येतो. ‘कोरा’ म्हणजे ताप खोटा होता असा अर्थ काढू नका.

तीन दिवस झाले, ताप उतरत नाही. औषध बदला ना!

ब्लड कॅन्सरमध्ये योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला साधारण पाच दिवस लागू शकतात, गाठीच्या कॅन्सरमध्ये दोनेक दिवस. रुग्ण जेवतो आहे, रक्तदाब नीट आहे, लघवी होते आहे, आणि फक्त ताप संध्याकाळी १०० च्या वर जातो, तर रोज नवं औषध लावण्यात काही अर्थ नसतो. पुन्हा तपासायचं, तोंड, घसा, छाती, लाइनची जागा, बसायची जागा नीट बघायची, कल्चर पुन्हा पाठवायचं. चार ते सात दिवसांनंतरही ताप राहिला आणि काउंट वर येत नसेल, तर बुरशीचा संशय घेऊन छातीचा सीटी स्कॅन काढतात आणि बुरशीचं औषध सुरू करतात. बुरशीवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही, ते कितीही भारी असलं तरी.

‘जंतू रेझिस्टन्ट आहे’ म्हणाले. म्हणजे पेशंटचं शरीर औषधाला सरावलं का?

शरीर सरावत नाही, जंतू सरावतो. एकाच तणनाशकाची फवारणी उसाच्या फडात वर्षानुवर्षं केली की जे तण त्यातून वाचतं त्याचंच रान माजतं, तसं आतड्यात होतं. सर्दीला, साध्या जुलाबाला, अंगदुखीला खाल्लेल्या प्रत्येक अँटिबायोटिकने तिथले साधे जंतू मरतात आणि चिवट मागे राहतात. एरवी ते गप्प असतात. केमोनंतर अस्तर सोलवटलं की रक्तात उतरतात ते हेच.

आपल्या देशात हा प्रश्न गंभीर आहे. क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू अनेक ठिकाणी मेरोपेनेमलाही दाद देत नाहीत. मग कोलिस्टिनसारखी औषधं काढावी लागतात. कोलिस्टिन पन्नाशीच्या दशकातलं, मूत्रपिंडाला घातक म्हणून पुढे मागे पडलेलं औषध. दुसरं उरलं नाही म्हणून ते परत आलं. ते देताना मूत्रपिंड नीट चाललंय का हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन रोज बघावं लागतं, आणि क्रिएटिनिन वाढलं की केमोही लांबते. कोंबड्या आणि जनावरं वाढवण्यासाठी कोलिस्टिन वापरायला भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले: सहज वापरायची, जपून वापरायची, आणि राखीव. कोलिस्टिन राखीव गटात आहे. अशा औषधासाठी आम्ही दोन डॉक्टरांचं मत घेतो, तेव्हा ‘इंजेक्शनला उशीर का?’ म्हणून चिडू नका. पहिलं इंजेक्शन तोवर चालूच असतं.

मग केमोनंतर आधीपासूनच एक गोळी सुरू ठेवली तर?

काही ठरावीक रुग्णांना देतात, सगळ्यांना नाही. ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरच्या) मुलांना कोट्रायमॉक्साझोल आठवड्यातले दोन-तीन दिवस देतात, ते एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचावासाठी. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते कंटाळून बंद करू नका. पण मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा मोठा डोस असेल त्या दिवसांत कोट्रायमॉक्साझोल आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं टाळतात, कारण त्यांच्यामुळे मेथोट्रेक्सेट शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि विषारी ठरतं. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी केमोच्या औषधांची नावं दाखवा असं सांगते, ते यासाठी.

मेडिकलवाले ओळखीचे आहेत, चिठ्ठीशिवाय देतात. घ्यायला काय हरकत आहे?

फार मोठी हरकत आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झीम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम अशी बरीच अँटिबायोटिकं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती चिठ्ठीवरच द्यायची, आणि रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ती गोळी मनाने घ्यायची नाही. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या दोन-चार गोळ्या असतील तर त्याही नकोत. घरच्या इतरांनाही हेच लागू आहे. आजीने सर्दीला खाल्लेल्या अँटिबायोटिकने चिवट झालेले जंतू तिच्या हातावरून नातवाच्या ताटात जातात, आणि नातू केमोवर असेल तर तो हिशेब त्याला चुकवावा लागतो.

हा जंतू हॉस्पिटलमध्येच लागला ना?

कधी कधी हो. बहुतेक वेळा संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून, तोंडातून किंवा कातडीवरून येतो, पण चिवट जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते हातांवरून. आमच्या हातांवरून आणि तुमच्याही. व्हिएन्नातल्या एका प्रसूती वॉर्डात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम घटले. तेव्हापासून आजपर्यंत याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही. डॉक्टर, सिस्टर, मावशी, कोणीही रुग्णाला हात लावायच्या आधी खाटेशी टांगलेल्या बाटलीतलं औषध हाताला चोळलं नाही, तर ‘हात चोळा ना’ असं बिनदिक्कत म्हणा. आम्हाला राग येता कामा नये, आणि आला तरी तुम्ही म्हणा.

पाहुण्यांबद्दल कडक बोलावं लागतं. गावाकडून जीप भरून माणसं येतात, मायेपोटी येतात हे मला कळतं. पण काउंट पडलेला असताना एकाच माणसाने जवळ राहावं. सर्दी-खोकला, अंगावर पुरळ असलेल्याने वॉर्डात येऊच नये. खाटेवर बसू नका. पोर्टच्या सुईला, पिक लाइनच्या टोपणाला घरच्यांनी हात लावू नये, पट्टी ओली झाली किंवा सुटली तर लगेच सांगा.

पथ्य काय? फळं पूर्ण बंद ठेवायची का?

पूर्वी सगळं कच्चं बंद ठेवत. नंतरच्या अभ्यासांत त्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असं दिसलं नाही, माणूस मात्र खंगतो. आता भर स्वच्छतेवर आहे. घरी धुऊन सोललेली केळी, संत्री, पपई बहुतेकांना चालते. भाजी, डाळ, अंडं पूर्ण शिजलेलं हवं. ताजं शिजवलेलं मटण आणि गरम पांढरा रस्सा चालतो, तोंड आलेलं नसेल आणि तिखट सोसत असेल तर तांबडाही. सकाळचा रस्सा संध्याकाळी नको.

काउंट कमी असताना गंगावेशीतलं धारोष्ण दूध बिलकूल नको. ताकद येईल म्हणून प्रेमाने तांब्या भरून आणतात. निरशा दुधात जे जंतू असतात ते धडधाकट माणूस पचवतो, हा माणूस पचवू शकत नाही. तेच दूध घरी आणा, नीट उकळा आणि द्या. गाड्यावरचा उसाचा रस, त्यातला बर्फ, हॉटेलातल्या मिसळीवरचा कच्चा कांदा, उघडी कापलेली फळं हेही त्या दिवसांत नको.

म्हशींचं कसं करायचं? आणि जोतिबाला जाऊन यायचं होतं.

गोठ्यातलं शेण काढणं, वैरणीची गंज उपसणं, चिखलात अनवाणी उतरणं हे लाल गोल केलेल्या दिवसांत दुसऱ्याने करावं. ओल्या वैरणीत आणि धुळीत बुरशीचे बीजाणू असतात, ते श्वासातून फुफ्फुसात जातात. घरात भिंत फोडायचं काम काढलं असेल तर तेही पुढे ढकला. जोतिबाच्या डोंगरावर गुलालाचा धुरळा आणि गर्दी दोन्ही असते, तेव्हा काउंट वर आल्यावर, गर्दी नसलेल्या दिवशी जा. प्रसाद घरी कोणी आणला तर नारळ धुऊन घरी फोडा.

पावसाळ्यात काय करायचं?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात रस्ते बंद झाले तेव्हा काय झालं हे शिरोळ, करवीरच्या लोकांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ च्या दिशेने चढत असेल आणि तुमचे धोक्याचे दिवस तोंडावर असतील, तर रस्ता चालू आहे तोवरच दवाखान्याच्या बाजूला, उंचावरच्या पाहुण्यांकडे येऊन राहा. केमोची तारीख पुढे घ्यायची का हेही डॉक्टरांना विचारा. पुराच्या पाण्यात पाय घालावा लागलाच तर त्याच दिवशी फोन करून सांगा.

पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं तर अँटिबायोटिक लागणार नाही का?

फिल्ग्रास्टिमसारखं इंजेक्शन न्यूट्रोफिल लवकर वर आणतं, त्यामुळे धोका कमी होतो, पण संपत नाही. ते घेतलं असलं तरी ताप आला तर निघायचंच.

लस घ्यावी का?

फ्लूची निर्जीव लस घ्यावी, शक्यतो केमो सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी. जिवंत जंतूंच्या लसी केमो चालू असताना नकोत. घरच्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर रुग्णाभोवती कुंपण होतं.

या इंजेक्शनांचा खर्च योजनेत बसतो का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार आहेत. तापासाठी वेगळं भरती व्हावं लागलं तर ते कशात धरलं जाईल, हे भरतीच्या दिवशीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार फाइलमध्येच ठेवा. मात्र कागद शोधत घरी थांबू नका, ते मागून कोणीही आणू शकतं.

रात्री दोन वाजता फोन केला तर काय सांगायचं?

घाबरल्यावर आठवत नाही, म्हणून हे लिहून फ्रिजवर चिकटवा: रुग्णाचं नाव आणि फाइल नंबर. कोणता कॅन्सर, शेवटची केमो कोणत्या तारखेला. ताप किती, किती वाजता मोजला. हुडहुडी, धाप, बरळणं आहे का. पोर्ट किंवा पिक लाइन आहे का. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. मागे कधी रेझिस्टन्ट जंतू सापडला होता का. आत्ता कुठे आहात आणि पोहोचायला किती वेळ लागेल. हे शेवटचं जरूर सांगा, म्हणजे तुम्ही वाटेत असतानाच इकडे खाट, कल्चरच्या बाटल्या आणि पहिलं इंजेक्शन तयार ठेवता येतं.